त्रिएस्ते: तीच बस, तीच कॉफी

युरोपला जाणार म्हटल्यावर आमच्याकडे ठराविक दोन प्रश्न येतात, कुठली टूर घेतली आणि किती देश. आम्ही म्हणालो एकच देश, इटली, आणि त्यातलंही एकच गाव, त्रिएस्ते. नणंदेनं फोनवर नाव दोनदा विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या, "बरं, पण तिथून स्वित्झर्लंड जवळ असेल ना?" नाही ओ ताई, जवळ आहे तो स्लोव्हेनिया, शहराच्या मागचा डोंगर चढला की आलाच, पण त्यानं त्यांचं समाधान झालं नाही.

हे गाव आमच्या नशिबात आलं ते नवऱ्यामुळे. तो फिजिक्स शिकवतो आणि त्रिएस्तेत आयसीटीपी म्हणून थिअरॉटिकल फिजिक्सची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली. सलाम पाकिस्तानचे, त्यांना पुढे १९७९ चं नोबेल मिळालं. आपल्यासारख्या देशांतल्या शास्त्रज्ञांना एकटं पडल्यासारखं होऊ नये, त्यांना अधूनमधून येऊन बाकीच्या जगाबरोबर काम करता यावं ही त्यांची आयडिया. त्यामुळे आपल्याकडच्या फिजिक्सवाल्यांत "त्रिएस्तेला जाऊन आलो" हे वाक्य अगदी नेहमीचं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी गाव धड बघितलेलं नसतं. गेस्टहाऊस, लेक्चर, जेवण, लेक्चर, गेस्टहाऊस. माझा नवराही आधी एकदा तसाच जाऊन आलेला. या वेळी त्याचं मे महिन्यात वर्कशॉप होतं, मी बँकेतून नुकतीच मोकळी झाले होते, म्हटलं मी येते, वर्कशॉप संपल्यावर तूही रजा टाक, आणि कुठेही न जाता तिथेच राहू.

व्हिसाचं फार लिहीत नाही, त्यावर सगळ्यांचं लिहून झालंय. तीस हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स, बँक स्टेटमेंट, बोटांचे ठसे वगैरे. फक्त आयटिनररीचा कागद भरताना मजा आली. मी खालपर्यंत त्रिएस्ते, त्रिएस्ते, त्रिएस्ते लिहीत गेले, तर काउंटरवरच्या मुलीनं पान उलटून बघितलं, मागे काही आहे का म्हणून.

राहायला हॉटेल नको हे आधीच ठरलेलं. घर हवं, त्यात शेगडी आणि वॉशिंग मशीन हवं, आणि खाली उतरलं की बस आणि भाजी मिळाली पाहिजे. व्हियाले व्हेंती सेत्तेम्ब्रे नावाचा एक लांबलचक रस्ता आहे, बराचसा पायी चालणाऱ्यांचा, दोन्हीकडे झाडं, खाली कॅफे आणि आइस्क्रीमवाले. त्याच्या शेजारच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. लिफ्ट नाही. मालकीणबाई सत्तरीच्या, इंग्लिश जेमतेम, पण किल्ली देताना हातवारे करून व्यवस्थित सांगितलं की कचरा वेगवेगळा टाका, दुपारी आवाज नको, आणि वारा सुटला तर शटर लावून घ्या. वाऱ्याचं सांगताना त्यांनी डोळे असे काही मोठे केले की मला वाटलं बाई जरा नाटकी आहेत. नाहीत. त्याबद्दल पुढे.

सामानात मूगडाळ, गोडा मसाला, मेतकूट आणि पोहे एवढंच नेलं. दुधाचे पदार्थ न्यायला तिकडे बंदी आहे, त्यामुळे तूप घरीच राहिलं.

व्हेनिसच्या एअरपोर्टवर उतरून मेस्त्रेहून साधी लोकल टाइप गाडी पकडली, दोनेक तास लागतात. सांगण्यासारखं एकच, उजव्या हाताच्या खिडकीत बसा. बराच वेळ नुसती सपाट शेतं दिसतात, कंटाळा येतो, आणि मोनफाल्कोने गेलं की गाडी डोंगराच्या कडेला येते आणि एकदम खाली समुद्र. तिथपासून स्टेशनपर्यंत तो सोडत नाही.

आता खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझं गाव बघून झालं. नवरा सकाळी बसनं गेला, मी सवयीनं बूट घालून निघाले. पियाझ्झा उनिता म्हणजे मुख्य चौक, तीन बाजूंना राजवाड्यासारख्या बिल्डिंगी आणि चौथी बाजू सरळ समुद्राकडे उघडी. तिथून मोलो आउदाचे हा समुद्रात अडीचशे मीटर घुसलेला दगडी धक्का, टोकापर्यंत जाऊन परत. मग कनाल ग्रांदे, ऑस्ट्रियाच्या राणीच्या, मारिया थेरेसाच्या काळात मालाची गलबतं थेट व्यापाऱ्यांच्या दारापर्यंत यावीत म्हणून खणलेला कालवा. त्याच्या पुलावर आयरिश लेखक जेम्स जॉइसचा पुतळा, हॅट घालून चाललाय. मग रोमन थिएटर, ते तर रस्त्याच्या कडेलाच आहे, समोर पोलीस मुख्यालय. मग चढून सान जुस्तोचं चर्च आणि किल्ला. साडेबाराला मी वरच्या कट्ट्यावर बसून केळं खात होते आणि डोक्यात एकच, आता उद्यापासून काय करायचं?

ही बेचैनी लगेच जात नाही हं. आपल्याला टूरची सवय, सहाला वेकअप कॉल, साडेसातला बसमध्ये. बँकेत तीस वर्षं तर प्रत्येक तासाचा हिशेब. दुपारी एक ते चार तिथली निम्मी दुकानं बंद, रस्ते ओस, आणि मी गुगल मॅपवर "जवळपास काय बघण्यासारखं" शोधतेय. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं काय काय पाहिलंस, मी भराभरा यादी सांगितली, तर तो म्हणाला मग संपलं की, जाऊ या का परत? तेव्हा हसले पण रात्री ठरवलं, उद्यापासून नवीन ठिकाण दिवसाला फार तर एक, आणि तेही वाटलं तर.

त्या रिकाम्या जागेत पहिली शिरली ती कॉफी. त्रिएस्ते हे कॉफीचं बंदर. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाकडे होतं. १७१९ मध्ये तिथल्या सम्राटानं, सहाव्या चार्ल्सनं, इथे फ्री पोर्ट जाहीर केलं, जकातीत सूट, आणि मग ग्रीक, सर्ब, ज्यू, आर्मेनियन, जो तो व्यापाराला इथे येऊन राहिला. व्हिएन्नाला लागणारी कॉफी याच धक्क्यावर उतरायची. इली ही कंपनी इथलीच, १९३३ ची. पण इथे कॉफी मागायची रीत बाकी इटलीपेक्षा निराळी आहे आणि ती शिकायला मला दोन-तीन सकाळी लागल्या. साधी एस्प्रेसो हवी तर नेरो म्हणायचं. वर जरा दुधाचा फेस हवा तर कापो. तीच काचेच्या इवल्याशा ग्लासात हवी तर कापो इन बी, आणि गावातले बहुतेक लोक हीच पितात. तुम्ही जर कॅपुचिनो म्हणालात तर जे येतं ते बाकी इटलीतल्यापेक्षा लहान असतं आणि मग टुरिस्ट कपाकडे बघत बसतात. काउंटरवर उभ्यानं प्यायली तर दीड युरोच्या आतबाहेर, टेबलाशी बसलात तर जास्त, पण बसलात की मग उठवत कोणी नाही.

माझा अड्डा काफे सान मार्को. घरापासून पाच मिनिटं, शेजारी शहराचं प्रचंड मोठं सिनेगॉग, १९१२ चं. सान मार्को १९१४ च्या जानेवारीत उघडलं आणि दीड वर्षाच्या आतच ऑस्ट्रियन सैनिकांनी येऊन फोडलं, कारण इटलीत सामील व्हायचं म्हणणाऱ्या पोरांचा तो अड्डा होता. आत अजूनही जुनी लाकडी काउंटरं, संगमरवरी टेबलं, भिंतींवर मुखवट्यांची चित्रं, सगळं तपकिरी-सोनेरी आणि जरा अंधारं. आतच पुस्तकांचं दुकान आहे. क्लाउदियो माग्रिस हा इथला मोठा लेखक वर्षानुवर्षं इथे बसून लिहितो म्हणतात. मी ज्या टेबलावर बसायचे त्याच्या समोरच्या टेबलावर एक आजोबा रोज यायचे, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, मग घडी घालून वेटरला परत द्यायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मान हलवली. नंतर मी उशिरा गेले तर घड्याळ दाखवलं. बस, आमची ओळख एवढीच, पण मला त्या दिवशी जे बरं वाटलं ते सान जुस्तो बघून वाटलं नव्हतं.

त्या पुस्तकाच्या दुकानातच एक इंग्लिश पुस्तक चाळताना कळलं की रिचर्ड बर्टन, तो विक्षिप्त ब्रिटिश प्रवासी, वेश बदलून मक्केला जाऊन आलेला, तो इथे १८७२ पासून कॉन्सल होता आणि १८९० मध्ये इथेच वारला. अरबी सुरस कथांचं त्याचं भलंमोठं इंग्लिश भाषांतर त्यानं याच गावात पुरं केलं. आणि हा माणूस तरुणपणी, १८४२ मध्ये, कंपनीच्या मुंबईच्या फौजेत आलेला, ज्या भाषा शिकून परीक्षा दिल्या त्यात मराठी होती, आजारपणाच्या रजेत गोव्याला जाऊन राहिला होता! मी एकटीच टेबलावर हसले. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला म्हणजे तू इथली पहिली मराठी बोलणारी नाहीस. तशीही नसणारच, कारण मुख्य चौकातली समुद्राकडची जी बिल्डिंग, आता प्रादेशिक सरकारचं ऑफिस आहे तिथे, ती ऑस्ट्रियन लॉइड, पुढे लॉइड त्रिएस्तिनो, या बोट कंपनीची, आणि सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडल्यावर त्यांच्या बोटी थेट मुंबईला जायच्या. सुएझच्या कंपनीचा एक उपाध्यक्षसुद्धा इथलाच, पास्क्वाले रेव्होल्तेल्ला, त्याचा बंगला आता म्युझियम आहे. म्हणजे हे गाव आपल्याला अनोळखी वाटतं ते अलीकडे. १९१८ मध्ये ऑस्ट्रियाचं साम्राज्य मोडलं, बंदर इटलीला मिळालं, पण ज्या मुलखाचा माल इथून जायचा तो मुलूखच तुटला. दुसऱ्या महायुद्धानंतर तर १९४७ ते १९५४ हे धड इटलीतही नव्हतं, "फ्री टेरिटरी" म्हणून इंग्रज-अमेरिकन कारभार पाहत होते. मालकीणबाईंच्या आईला म्हणे तीन वेगवेगळ्या अमलांचे कागद होते, आणि ती राहायला एकाच गल्लीत.

सकाळचा माझा क्रम असा बसला: कॉफी, मग व्हिया कार्दुच्चीवरची मंडई. छप्पर असलेली दुमजली मंडई, १९३० च्या दशकातली, खाली भाजी-फळं. मे महिना म्हणजे शतावरी, स्ट्रॉबेरी, शेवटी शेवटी चेरी, आणि इथला खास बारीक पानांचा रादिक्किओ, म्हणजे सलादची कडवट पालेभाजी. भाजीवालीला हात लावलेला चालत नाही, ती देणार. उलट सुपरमार्केटमध्ये प्लास्टिकचा हातमोजा घालून स्वतः घ्यायचं, स्वतः वजन करून स्टिकर लावायचं, नाहीतर काउंटरवर मागची सगळी लाइन खोळंबते. भाजीवालीनं मला मेथीसारखं दिसणारं काही घेऊ दिलं नाही, सलादचं आहे, शिजवू नको असं तिनं खुणेनं सांगितलं, मी घरी येऊन डाळीत घातलंच, आणि छान लागलं.

दुपारी ६ नंबरची बस पकडून बारकोला. ही बस आयुष्यभर लक्षात राहणार. बारकोला म्हणजे शहराबाहेर समुद्राच्या कडेनं जाणारा काही किलोमीटरचा फूटपाथ, वाळू वगैरे काही नाही, सिमेंट आणि दगड, आणि त्यावर अख्खं गाव टॉवेल टाकून पडलेलं. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर लोक ऑफिस सुटल्यावर कपडे काढून उन्हाला पडलेत अशी कल्पना करा. वकीलसाहेब वाटणारा माणूस सायकलवरून येतो, टाय काढतो, पँट काढतो, आत पोहायचा कपडा असतोच, समुद्रात उडी, वीस मिनिटांनी परत टाय. आज्या पत्ते खेळतात. मला पहिल्यांदा सलवार-कुडत्यात तिथे बसायला अवघडल्यासारखं झालं, पण कोणी बघतच नाही हो तुमच्याकडे. नंतर मी पाय पाण्यात सोडून पुस्तक वाचायला लागले. पाणी गार होतं, मेमध्ये असतंच.

आणि एल पेदोचिन! हे बायकांनी चुकवू नये. बंदराजवळ जुन्या दीपस्तंभाशी म्युनिसिपालिटीचा समुद्रस्नानाचा घाट आहे, तिकीट युरोभर, आणि मधोमध पांढरी भिंत, थेट पाण्यात गेलेली. एका बाजूला बायका आणि लहान मुलं, दुसऱ्या बाजूला पुरुष. ऑस्ट्रियाच्या काळापासून हे असंच आहे. मला वाटलं होतं युरोपात असली भिंत म्हणजे बायका चिडत असतील. उलट शेजारच्या बाईंनी मोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं की भिंत पाडायचा विषय निघाला की सगळ्यात आधी बायकाच नको म्हणतात. का ते आत बसल्यावर कळतं. पोट सुटलेल्या, ऑपरेशनचे व्रण असलेल्या, ऐंशीच्या घरातल्या बायका निवांत पडलेल्या, सँडविच खातायत, भिंतीपलीकडे "अरे किल्ली टाक" म्हणून नवऱ्याला हाका मारतायत. मी आयुष्यात पहिल्यांदा स्विमिंग कॉस्च्युम घालून उन्हात झोपले, बावन्नाव्या वर्षी, आणि तेही इटलीत.

शनिवारी नवरा बरोबर असायचा, तेव्हा मिरामारे. त्याची संस्था त्याच्या शेजारीच. पांढरा किल्ला, अगदी पाण्यावर आलेल्या कातळावर, मॅक्सिमिलियन या ऑस्ट्रियन राजपुत्रानं स्वतःसाठी बांधलेला. सम्राटाचा धाकटा भाऊ. सुखात राहायचं सोडून १८६४ मध्ये मेक्सिकोचा बादशहा व्हायला गेला, १८६७ मध्ये तिथल्या लोकांनी गोळ्या घातल्या. बायको शार्लोट मदत मागायला युरोपात परत आली आणि तिच्या डोक्यावर परिणाम झाला, ती पुढे १९२७ पर्यंत जगली. आतल्या खोल्यांत त्याची स्टडी बोटीतल्या केबिनसारखी केलेली आहे, नौदलातला होता ना. किल्ल्याला तिकीट, बाग फुकट. आम्ही किल्ला एकदा पाहिला, बागेत किती वेळा गेलो कोण जाणे. जमिनीवर पडून झाडं बघायची, डबा खायचा. दडपे पोहे इटलीच्या राजवाड्यात.

सगळ्यात जास्त मनात राहिली ती मात्र सान जोव्हान्नीची टेकडी. मी ठाण्याची. आमच्या लहानपणी कोणी वेड्यासारखं वागलं की "ठाण्याला पाठवा" म्हणायचे आणि बाहेरगावचे पाहुणे आम्हाला हमखास तो जोक ऐकवायचे. सान जोव्हान्नी हे त्रिएस्तेचं मनोरुग्णालय, बाराशेच्या आसपास पेशंट कोंडलेले. १९७१ मध्ये फ्रांको बासालिया नावाचा डॉक्टर इथे संचालक म्हणून आला आणि त्यानं दारं उघडायला सुरुवात केली. शॉक बंद, बांधून ठेवणं बंद, पेशंटना गावात जाऊ द्यायचं, कामाचे पैसे द्यायचे. १९७३ मध्ये पेशंट आणि कलाकारांनी मिळून एक निळा घोडा बनवला, लाकडाचा आणि कागदाच्या लगद्याचा, नाव मार्को काव्हाल्लो, आणि तो इतका उंच झाला की दारातून निघेना, मग दार फोडून बाहेर काढला आणि सगळे पेशंट त्याच्या मागून मिरवणुकीनं गावात गेले. १९७८ मध्ये इटलीनं कायदाच केला, कायदा क्रमांक १८०, की असली इस्पितळं बंद करायची आणि उपचार वस्तीतल्या छोट्या केंद्रांत द्यायचे. आज तिथे पूर्ण मोकळा बगिचा आहे, जुन्या वॉर्डांत युनिव्हर्सिटीचे विभाग, ऑफिसं, एक रेस्टॉरंट, आणि हजारो गुलाब. मे अखेरीला सगळे फुललेले. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की स्वातंत्र्य हाच उपचार. फाटकावर वॉचमन नाही, तिकीट नाही, बस वरपर्यंत जाते. मी तिथे परत परत गेले. एकदा बाकावर शेजारी एक माणूस येऊन बसला, स्वतःशी बोलत होता, थोड्या वेळानं मला सिगरेट विचारली, नाही म्हटल्यावर थँक्यू म्हणून गेला. येणारेजाणारे कोणी वळूनही बघितलं नाही. मी ठाण्याचा तो जोक पुन्हा कधी हसून ऐकणार नाही असं नाही म्हणत, पण आता मध्येच ही गोष्ट सांगत बसते आणि जोकची वाट लागते.

रिझिएरा दी सान साब्बाला एकच दिवस गेलो. भातगिरणी होती, नाझींनी छावणी केली, इटलीच्या भूमीवर भट्टी असलेली ही एकमेव. उंच काँक्रीटच्या भिंतींमधून आत जावं लागतं. त्या दिवशी दुसरं काही केलं नाही. टूरबरोबर असतो तर पुढे लंच असतं.

आता वारा. बोरा म्हणजे मागच्या पठारावरून समुद्राकडे कोसळणारा थंड वारा, हिवाळ्यात ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जातो, पूर्वी कोपऱ्याकोपऱ्यांवर धरून चालायला दोर बांधायचे. आकाश निळं असताना येतो तो वेगळा आणि ढग-पाऊस घेऊन येतो तो वेगळा, दोन्हीला वेगळी नावं. त्याचं छोटंसं म्युझियमही आहे, आधी कळवून जावं लागतं, तिथे जगभरातले वारे बाटल्यांत भरून ठेवलेत, अगदी गंभीर चेहऱ्यानं दाखवतात. मेमध्ये खरा बोरा सहसा नसतो, आम्हाला त्याचं पिल्लू भेटलं. रात्री शटर असं थडथडलं की दोघंही उठून बसलो, सकाळी रस्त्यावर स्कूटरी आडव्या, कचऱ्याचा डबा चौक ओलांडून पलीकडे. काफेतल्या आजोबांनी हात झटकून दाखवलं, हे काहीच नाही.

खाण्याचं दोन ओळींत, कारण नवरा शाकाहारी आणि हे गाव मुळात डुकराचं. बुफे म्हणून जे जुने खाणावळीवजा बार आहेत तिथे कढईत उकडलेलं मांस, आंबवलेला कोबी आणि वर ताजी किसलेली क्रेन, म्हणजे हॉर्सरॅडिशचं तिखट मूळ, ती नाकात अशी जाते की मोहरीची आठवण येते. मी चवीनं खाल्लं, त्यानं पावावर चीज खाल्लं. योता हे राजमा आणि आंबट कोबीचं सूप, त्यातही बहुधा मांस असतं, विचारून घ्यावं. त्याला आवडलं ते प्लम भरलेले बटाट्याचे गोळे, वर भाजलेला पावाचा चुरा, साखर, दालचिनी. गोड आहे पण जेवणात पहिलं येतं. व्हिएन्ना, स्लोव्हेनिया, इटली सगळं एका ताटात, कुठलं कोणाचं ते भांडण त्यांचं त्यांनाच लखलाभ.

वर्कशॉप संपलं आणि नवरा मोकळा झाला तेव्हा मी तयार होते पण तो नव्हता. पहिल्या दिवशी साडेआठला बूट घालून उभा, कुठे जायचं? म्हटलं कॉफीला. आणि नंतर? नंतर भाजी. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. लुब्लियाना करून येऊ, दोन तासांवर आहे, क्रोएशियातल्या पुला गावाला जाऊ, पोस्तोयनाची गुहा करू. मी म्हटलं तू जा, मी नाही येत. दोन दिवस चिडचिड केली, मग मात्र माझ्याआधी बाकावर जागा धरायला लागला. मोलो आउदाचेवर संध्याकाळी अख्खं गाव चालायला येतं, टोकापर्यंत जायचं, ब्राँझच्या दिशाचक्राला हात लावायचा आणि परत. मे अखेरीला सूर्य पावणेनऊच्या सुमाराला बुडतो, हवा स्वच्छ असेल तर समुद्रापलीकडे आल्प्सची रांग दिसते. त्याला त्यात फिजिक्स दिसायला लागलं, मी ऐकल्यासारखं केलं.

ओस्मिझा त्यानं शोधून काढली, हे श्रेय द्यायलाच हवं. कार्स्ट म्हणजे शहरामागचं चुनखडीचं पठार, बहुतेक गावं स्लोव्हेनियन बोलणारी, पाट्या दोन भाषांत. तिथले शेतकरी वर्षातले ठराविक दिवस घराचं अंगण उघडतात आणि फक्त स्वतःच्या घरचं विकतात, वाइन, हॅम, चीज, उकडलेली अंडी, लोणच्याच्या भाज्या, पाव. हा हक्क सम्राट दुसऱ्या जोसेफनं १७८४ मध्ये दिला, तेव्हा आठ दिवसांसाठी होता, आता जास्त. आज कोणाची उघडी आहे ते इंटरनेटवर रोज कळतं, पण खरी खूण म्हणजे नाक्यावर लाल बाण आणि त्यावर टांगलेली हिरवी डहाळी. डहाळीच्या मागे मागे जायचं.

आम्ही वर गेलो ते २ नंबरच्या ट्राममधून. १९०२ पासूनची, पियाझ्झा ओबेर्दानहून निघते आणि मध्ये चढ इतका की मागून केबलवर चालणारं इंजिन ढकलतं. २०१६ मधल्या अपघातानंतर कित्येक वर्षं बंदच होती, २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाली, त्यामुळे डब्यात टुरिस्टांपेक्षा गावचेच लोक जास्त हौसेनं फोटो काढत होते. ओबेलिस्कच्या स्टॉपला उतरून नापोलेओनिका या वाटेनं चालत निघालो, सपाट, झाडीतली, एका बाजूला पांढरे कडे आणि दुसऱ्या बाजूला खाली अख्खा समुद्र, तासा-दीड तासात प्रोसेक्को गाव येतं. हो, तेच, त्या वाइनला नाव दिलं ते. तिथून पुढे डहाळी दिसली.

आत अंगणात लाकडी बाकडी, द्राक्षाच्या मांडवाखाली. मेनू म्हणजे फळ्यावर आठ ओळी. आम्ही पांढरी वित्तोव्स्का वाइन पाव लिटर, चीज, अंडी, पाव, काकडीचं लोणचं घेतलं, माझ्यासाठी हॅम. टेबल वेगळं मिळत नाही, जागा असेल तिथे बसायचं, आमच्या शेजारी निवृत्त गोदी कामगारांचा ग्रुप, त्यातल्या एकाचे वडील लॉइडच्या बोटीवर होते. मुंबई म्हटल्यावर त्यानं "बोम्बाय!" म्हणून टेबलावर हात आपटला आणि आमच्यासाठी लाल तेर्रानो मागवली. माझ्याकडे पर्समध्ये मेतकुटाची पुडी होती, ती नवऱ्यानं काढली आणि अंड्यांवर भुरभुरून सगळ्यांना दिली. त्यांना आवडलं की ते सभ्य होते हे कळायला मार्ग नाही, पण एकानं दुसरं अंडं सोलून पुन्हा हात पुढे केला. नंतर ते गायला लागले, आधी इटालियनमध्ये, मग स्लोव्हेनियनमध्ये, मग आमच्याकडे बघून थांबले. आता तुमचं. नवऱ्यानं घसा साफ केला आणि शाळेत पाठ झालेली गणपतीची आरती म्हटली, दुसरं काही येतच नाही त्याला. तीन कडव्यांना टाळ्यांचा ठेका बरोब्बर धरला त्यांनी.

शेवटची बस पकडायला पळावं लागलं. दुसऱ्या दिवशी सामान बांधून व्हेनिसला गेलो, विमान तिथूनच होतं, मध्ये अर्धा दिवस मिळाला. व्हेनिसबद्दल बाकी लोकांनी भरपूर लिहिलंय, ते वाचा.